बुटका झालेला देश

शिंप्याच्या घरात काहीही समजावून सांगायचं असलं की पहिल्यांदा हात जातो तो कापडाकडे. थोरलीला घड्याळ शिकवलं ते आईने गोल कापडावर आकडे शिवून. धाकट्याला डावं-उजवं कळावं म्हणून बाबांनी त्याच्या शर्टाच्या उजव्या बाहीला लाल बटण लावून दिलं होतं. एकदा तो शर्ट उलटा घालून शाळेत गेला आणि दिवसभर सगळ्यांना चुकीच्या दिशेला पाठवत राहिला. या धाकट्याला घरात सगळे रीळ म्हणत, कारण तो एकदा सुटला की गडगडत कुठल्या कोपऱ्यात जाईल याचा नेम नसे.

त्यामुळे शाळांच्या गणवेशांचं मोठं काम हातावेगळं झालं आणि युरोपातल्या एका देशात फिरायला जायचं ठरलं, तेव्हा त्या देशाचा नकाशाही कापडावरच आला. बाबांनी ताग्यातून मांजरपाटाचा एक लांब तुकडा फाडून दिला. थोरलीने शाळेच्या नकाशासंग्रहातल्या पानावर पेन्सिलीने चौकोन आखले, कापडावर तेवढेच पण मोठे चौकोन आखले, आणि एकेका चौकोनातली रेघ त्याच्या जोडीच्या चौकोनात उतरवत गेली. नकाशा मोठा करायची ही फार जुनी आणि फार चांगली रीत आहे. घाई केली नाही तर कधी फसत नाही. मग आईने सीमेवरून काळा साखळी टाका घातला, नद्या निळ्या दोऱ्याने शिवल्या आणि डोंगरांच्या जागी तपकिरी गाठी मारल्या. कापणीच्या टेबलामागच्या भिंतीवर तो नकाशा लागला, तेव्हा माप द्यायला आलेली गिऱ्हाइकं हात वर धरून तशीच बघत उभी राहू लागली.

देश तसा एवढासाच. पण वरच्या टोकाला धुकं आणि जुन्या गिरण्या, मधे बर्फाचे डोंगर, डोंगरांच्या पोटात गुहा आणि अगदी खाली कोरडं, पांढरंशुभ्र ऊन. माहितीपत्रकं चाळताना वाटायचं, चार देशांचे उरलेले तुकडे जोडून कुणीतरी गोधडी शिवली आहे.

प्रत्येकाने एकच जागा निवडायची, असा नियम आईने घातला. बाबांनी वरचं गिरणीचं गाव घेतलं. तिथे शंभर वर्षांपूर्वीचे माग अजून चालवून दाखवतात म्हणे. आईने डोंगरातलं तळं घेतलं. रिळाला गुहा हवी होती, कारण तिच्यात जमिनीखालून नदी वाहते आणि तिच्यातून होडीने जाता येतं. आणि थोरलीने बोट ठेवलं ते सगळ्यात खाली, जिथे देश संपून समुद्र लागतो तिथे. तिथे मिठागरं होती. माहितीपत्रकातल्या चित्रात मिठाच्या पांढऱ्या राशी होत्या आणि त्यांच्यापुढच्या उथळ पाण्यात लांब मानेचे गुलाबी फ्लेमिंगो एका पायावर उभे होते.

"दुसरा पाय कुठे ठेवतात?" थोरलीने पहिल्याच दिवशी विचारलं.

"इस्त्रीला देत असतील," बाबा म्हणाले.

"आणि एवढ्या खाऱ्या पाण्यात ते खातात काय? आणि गुलाबी कशाने होतात?"

"तेच तर बघायला जायचंय ना!" आई म्हणाली आणि तिथेही एक गुलाबी टाका घातला.

पण तो गुलाबी टाका लवकरच अडचणीत आला. विमान वरच्या गावात उतरणार होतं आणि तिथूनच परत निघणार होतं. मधला सगळा प्रवास भाड्याच्या गाडीने, आणि गाडी चालवणार बाबा. वर्षानुवर्षं मशीनवर वाकून त्यांच्या कमरेचं फार काही उरलं नव्हतं. म्हणून त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "दिवसाला एक वीत. या कापडावर माझी एक वीत. त्याच्या पुढे मी गाडी ढकलणारसुद्धा नाही."

फिरायला दिवस होते आठ, म्हणजे रस्ता आठ वीत. बाबा अंगठा आणि करंगळी ताणून नकाशावर सुरवंटासारखे चालत गेले. गिरणीचं गाव, तळं, गुहा आणि परत वर. भरपूर जागा उरली. मग मिठागरापर्यंत खाली उतरून परत आले आणि थांबले.

"पाऊण वीत कमी पडते गं पोरी."

"पाऊणच?"

"पाऊण वीत कापड कमी पडलं तर शर्टाला बाही राहत नाही."

थोरलीने पुढचा प्रश्न विचारलाच नाही. ती जेव्हा प्रश्न विचारायची थांबते, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे घरात सगळ्यांना कळतं. रिळाने औदार्याने तिला आपली गुहा अर्धी देऊ केली. तिने ती घेतली नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी रिळाने टेबलावर चढून गुहेची जागा नीट बघायचा घाट घातला. बाबा शिवलेले गणवेश पोचवायला गेले होते. आईचा चहाचा पेला टेबलाच्या कडेला होता. पेला उडाला आणि सगळा चहा समुद्रात गेला.

"आई, समुद्र गढूळ झाला!"

"तूच गढूळ केलास, आणि वर्दी पण तूच दे!" आई म्हणाली आणि तिने नकाशा भिंतीवरून ओढला. चहाचा डाग वाळायच्या आत काढावा लागतो. तिने चांगलं कढत पाणी घेतलं, नकाशा त्यात बुडवून चोळला, पिळला, दोरीवर घातला आणि संध्याकाळी कडक इस्त्री करून परत भिंतीवर टाचला. डाग गेला होता. बाबांना कळलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी बाबा पुन्हा नकाशापुढे उभे राहिले. सोमवारी प्रवास कचेरीत जाऊन तिकिटं आणि खोल्या ठरवायच्या होत्या, म्हणून मुक्कामाच्या जागी त्यांना टाचण्या लावायच्या होत्या. वीत टाकता टाकता सहज म्हणून ते खाली मिठागरापर्यंत गेले, तिथून वर आले, आणि त्यांचा हात हवेतच राहिला.

"अरेच्चा! बसतंय की!"

"काय बसतंय?" मशीनचं चाक हाताने थांबवत आईने विचारलं.

"मिठागर! आठ वितींत परत येतोय. मागच्या वेळी मी कुठेतरी वाकडी वीत टाकली असणार."

"गिऱ्हाइकांच्या पँटी उगाच आखूड होतात वाटतं?"

थोरलीने बाबांच्या गळ्यात उडी मारली, मग आईच्या, मग तिथे नव्याकोऱ्या कोटात उभ्या असलेल्या लाकडी पुतळ्याच्यासुद्धा. त्या दिवशी तिचे प्रश्न पुन्हा सुरू झाले. मिठावरून चालता येतं का? अनवाणी चाललं तर पाय चुरचुरतात का?

तेवढ्यात रीळ नकाशाकडे मान तिरकी करून बघत म्हणाला, "हा देश बुटका का झालाय?"

"तू मोठा झालास म्हणून," आई म्हणाली, आणि सगळे हसले.

थोरलीही हसली. पण ती ज्या जातीची मुलगी होती त्या जातीच्या मुलांना एखादी गोष्ट हसून सोडून देता येत नाही. ती नकाशाजवळ गेली. देश खरंच थोडा जाडजूड दिसत होता. आणि आणखी एक गंमत होती. वरून खाली वाहणाऱ्या नदीला चुण्या पडल्या होत्या, निळा दोरा सुरवंटासारखा वर-खाली झाला होता. आडवी वाहणारी नदी मात्र सपाट, जशीच्या तशी.

"आई, उभ्या नदीलाच चुण्या का पडल्या?"

"इस्त्री नीट बसली नसेल. मार अजून एकदा."

तिने मारली. नदी इस्त्रीखाली गपगुमान निजली आणि इस्त्री उचलताच पुन्हा उठून बसली.

त्या दुपारी आत्या आली. बाबांची ही मोठी बहीण शाळेत विज्ञान शिकवायची. सगळे फिरायला गेले की दुकानाची किल्ली तिच्याकडे राहणार होती, म्हणून कुठलं कुलूप अडतं आणि कुठली खिडकी वाजते ते समजून घ्यायला ती आली होती. थोरलीने तिला नकाशापुढे उभं केलं आणि दोन्ही नद्या दाखवल्या.

आत्याने चष्मा पुसला, नदीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही म्हणून तर तुला विचारलं!"

"मला विचारू नकोस, कापडाला विचार. त्याला बोलतं कसं करायचं तेवढं सांगते. या नकाशावर मधल्या दिवसांत काय काय झालं?"

"काही नाही. रिळाने चहा सांडला. आईने धुतलं." बोलता बोलता थोरलीचे डोळे मोठे झाले. "थांब हं."

तिने त्याच ताग्यातून हातरुमालाएवढा तुकडा मागून आणला. त्यावर पट्टीने अगदी नेमका चौकोन आखला आणि पेन्सिल पुसून जाऊ नये म्हणून चौकोनाच्या कोपऱ्यांवर दोऱ्याचा एकेक टाका घातला. ताग्याच्या काठाला समांतर असलेली बाजू कुठली ते विसरू नये म्हणून तिथे एक छोटी गाठ मारली. आत्या शेजारी बसून नुसती बघत होती. एकदा फक्त म्हणाली, "पाणी तेवढंच गरम हवं बरं का, नाहीतर तुझा प्रश्न वेगळा आणि उत्तर वेगळं." रीळ पाणी ढवळायला आला. त्याला ढवळू दिलं.

तुकडा वाळला, इस्त्री झाली, पट्टी लावली. चौकोन आता चौकोन नव्हता. आडवी बाजू जेमतेम बदलली होती. गाठीची उभी बाजू मात्र चांगली बोटभर आखूड झाली होती.

कापड आटतं ते असं. मागावर उभे धागे ताणून बांधतात आणि मग त्यांच्यातून आडवा धागा फिरवतात. उभ्या धाग्यांमधला तो ताण कापडातही तसाच राहतो. पहिल्यांदा गरम पाणी लागलं की ते सुस्कारा सोडल्यासारखे सैल होतात आणि आपल्या मूळ लांबीला जातात. कोरा मांजरपाट तर फारच आटतो. नद्यांचा दोरा वेगळा, गिरणीतला चकचकीत, तो आटत नाही. खालचं कापड आखूड झालं आणि दोरा तेवढाच लांब राहिला, म्हणून उभ्या नदीला चुण्या.

हे सगळं त्या घरात कुणाला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. गिऱ्हाइकाचं कापड आधी भिजवून घेतल्याशिवाय बाबा त्याला कात्री लावत नसत आणि आई तर "आटणारं आहे हं" हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणायची. पण भिंतीवरचं ते कापड होतं हेच सगळे विसरून गेले होते. त्यांच्या लेखी तो देश होता, आणि देश भिजवून घ्यायचा असतो हे कुणाच्या डोक्यात येणार?

"कळलं!" थोरली ओरडली. शोध लागल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर उजळला, आणि मग हळूहळू मावळला. कारण तिच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. नकाशा आटला होता. रस्ते आटले नव्हते. पाऊण वीत जिथल्या तिथेच होती.

ती बराच वेळ तो वाकडा चौकोन बोटांत फिरवत बसली.

"आत्या, मी नाही सांगितलं तर?"

"तर काय होईल? बघ विचार करून."

"बाबा गाडी चालवत राहतील. गाव येणार, येणार म्हणतील, आणि येणार नाही." ती थांबली. "आणि शेवटच्या दिवशी आपण कुठेतरी रस्त्यातच असू आणि विमान वरून जाईल."

"हं."

"तू सांगणार आहेस का?"

"शोध तुझा, मी कशाला सांगू?" आत्या म्हणाली. "पण माझ्या भावाने मला विचारलं, अक्का, काय चाललं होतं दुपारभर, तर मी काय सांगू ते मात्र तू मला शिकवून जा. मला आयत्या वेळी थापा सुचत नाहीत."

थोरलीला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम येत असल्यामुळे नाक वाहायला लागलं. आत्याने तिला तोच चौकोन पुढे केला. "नको, तो पुरावा आहे," म्हणत थोरलीने बाहीला नाक पुसलं आणि ती उठली.

बाबा समोरच्या खोलीत कोटाला कॉलर लावत होते. दातांत टाचण्या होत्या. थोरलीने चौकोन त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला.

"बाबा, तुमची वीत वाकडी नव्हती. आईने नकाशा धुतला होता."

बाबांनी चौकोनाकडे पाहिलं. शिंप्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. त्यांनी एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या, उशीत खोचल्या, नकाशासंग्रह मागवला आणि पुस्तकातल्या पानाशी भिंतीवरचा देश ताडून बघितला. मग आईकडे वळले.

"कढत पाण्यात?"

आईने कपाळावर हात मारून घेतला. "चहाचा डाग होता हो! अख्ख्या गावाला सांगते मी, आणि माझ्याच घरात..."

"देश आटवलास तू!" रीळ आनंदाने म्हणाला.

"आणि चहा कुणी सांडला रे?"

"म्हणजे मिठागर नाही," थोरली म्हणाली. हे वाक्य आपणच म्हणून टाकावं, म्हणजे दुसऱ्या कुणाला म्हणावं लागणार नाही, असं तिला वाटलं होतं. पण म्हणताना तिचा आवाज पाऊणच राहिला.

बाबांनी तिचं डोकं स्वतःच्या कुशीत ओढून घेतलं. "तू आज सांगितलं नसतंस ना, तर उद्या मी खोल्यांचे पैसे भरून आलो असतो."

बाबा सवयीने नकाशावर वीत टाकत राहिले, खाली, खाली, आणि मग परत वर. आई बघत होती. ती एकाएकी म्हणाली, "अहो, हा प्रवासाचा दोरा परत वर कशाला आणताय?"

"विमान वर आहे म्हणून."

"खाली विमानं उडत नाहीत का? टाका जिथे संपतो तिथेच आपण गाठ मारतो. गाठ मारायला कुणी सुरुवातीला परत येतं का?"

बाबांचा हात थांबला. आत्या दारात उभी होती. ती म्हणाली, "वहिनी, हे तुम्ही पहिल्या दिवशी का नाही बोललात?"

"पहिल्या दिवशी मी टाके घालत होते, वन्सं. बघत कुठे होते?"

सोमवारी चौघंही प्रवास कचेरीत गेली. टेबलामागच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, एक जाड पुस्तक उघडलं, पानं उलटली आणि मान डोलावली. खालच्या बंदरगावातून परतीचं विमान होतं. पण एक अडचण होती. भाड्याची गाडी जिथे घेतली तिथेच परत द्यावी लागायची. म्हणजे गाडी नाही, आगगाडी. आगगाडी गिरणीच्या गावाहून निघते, गुहेच्या गावाला थांबते आणि मिठागरापर्यंत थेट जाते. डोंगरातल्या तळ्याकडे मात्र वर चढत नाही.

"तळं किंवा मिठागर," बाई पेन्सिल उचलून म्हणाल्या. "दोन्ही बसवायची तर दिवस वाढवा."

दिवस वाढणार नव्हते. थोरलीने आईकडे बघितलंच नाही. ती टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणाली, "तळं आईने निवडलंय. ते राहू दे."

"मला बोलू देणार आहेस का?" आई म्हणाली. "अगं, मी तळं का निवडलं माहीत आहे? पाण्याकाठी बसायचं आणि काहीही करायचं नाही. हातात सुई नाही, समोर मशीन नाही, 'काकू, झालं का' म्हणणारं कुणी नाही. मिठागरात पाणी असतं ना?"

"असतं. घोट्याएवढं."

"मला पुरे. मी काही पोहणार नाहीये."

"पण तिथे डोंगर नाहीत. बर्फ पण नाही."

"मिठाच्या राशी आहेत की! लांबून बघितलं तर मला काय कळणार आहे?" आणि बाईंकडे वळून ती म्हणाली, "लिहा हो तुम्ही. मिठागर."

"आता माझी कंबर पण खूश," बाबा म्हणाले. "आगगाडीत मी झोपणार."

"तुम्ही खिडकीत बसायचं नाही मग," रीळ म्हणाला. "झोपणाऱ्याला खिडकी कशाला?"

बाई लिहायला लागल्या. थोरली टेबलाजवळ सरकली. रात्रीपासून तिच्या मनात एक प्रश्न होता आणि तो विचारायला तिला भीती वाटत होती. आता आईने तळं सोडल्यावर तर जास्तच.

"बाई, तेव्हा फ्लेमिंगो असतात का तिथे?"

बाईंनी पेन्सिल थांबवली. माहितीपत्रक उलटून मागची बारीक अक्षरं वाचली. मग चष्म्यावरून तिच्याकडे बघून म्हणाल्या, "खरं सांगू? मला नाही माहीत. पाणी असेल तसे येतात-जातात म्हणे. पक्षी काही आमच्याकडे नाव नोंदवून येत नाहीत."

थोरलीने आईचा हात धरला. "आई, ते नसले तर?"

आईने थोडा विचार केला.

"नसले तर कुठे गेले ते तिथल्या मीठवाल्यांना विचारायचं," ती म्हणाली. "तू विचार. मी बसते."

थोरलीने मान हलवली. मग तिने पुन्हा बाईंकडे वळून विचारलं, "मीठवाल्यांची भाषा कुठली असते?" आणि बाईंनी पुस्तक मिटून शेजारच्या फळीवरचं, त्या भाषेतल्या रोजच्या शंभर वाक्यांचं छोटं पुस्तक तिच्या हातात दिलं. रीळ आणि बाबा खिडकीवरून भांडत जिना उतरले. थोरली त्यांच्या मागे, पुस्तकात डोकं घालून, 'कुठे' आणि 'का' हे दोन शब्द शोधत.